पानाचे ओझे

परीक्षेचा निकाल लागल्याची वार्ता येते आणि बेळगावकडील एखाद्या खेड्यातला विद्यार्थी मोबाइल हाती घेतो. त्याला पाहावयाचे असते ते किती? आपले नाव, सहा विषय, सहा आकडे आणि शेवटी एक शेरा. पोस्टकार्डावर सहज मावेल एवढाच हा मजकूर. परंतु पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहते आणि पान काही उघडत नाही. विद्यार्थी नेटवर्कला दोष देतो. तो दोष अगदीच खोटा नसतो. तथापि पुष्कळदा खरे कारण पानाच्या ओझ्यात दडलेले असते. हे ओझे कसे वाढले, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि विचार करावयास लावणाराही आहे.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगापुढे खुली झाली. तिचा पाया अगदी साधा होता. मजकुराला खुणा करावयाच्या : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा. या खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणतेही मोल न घेता सर्वांना वापरावयास दिले. वेब जगभर पसरली, त्यामागे या औदार्याचा वाटा फार मोठा आहे. पुढे पानाच्या रंगरूपासाठी सीएसएस ही निराळी भाषा आली. आणि १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. पानाला थोडी हालचाल यावी एवढाच तिचा मूळ हेतू होता. दहा दिवसांच्या या बालकाच्या खांद्यावर पुढे केवढा संसार येऊन पडणार आहे, याची तेव्हा कोणास कल्पना असणार?

२००४ साली जीमेल आले आणि पुढच्याच वर्षी गूगलचे नकाशे आले. पान पुन्हापुन्हा न मागवताही त्यातील मजकूर बदलता येतो, हे लोकांनी पाहिले. मग २००६ साली जेक्वेरी, २०१० साली गूगलचे अँग्युलरजेएस आणि २०१३ साली फेसबुकने खुले केलेले रिअ‍ॅक्ट, अशी आयत्या साधनांची रांग लागली. त्यांनी घडवून आणलेला बदल घरगुती दाखल्याने समजावून घेता येईल. पूर्वी दूरच्या सर्व्हरकडून वाढलेले ताट येत असे. नव्या पद्धतीत शिधा, भांडी आणि पाककृती पाठविली जाते. स्वयंपाक पाहुण्याच्या यंत्रानेच करावयाचा. जो पाहुणा दिवसभर मुक्काम करणार, त्याला हे सोयीचे असते. कारण चूल एकदा पेटली की पुढचे पदार्थ झटपट होतात. पत्रव्यवहार, नकाशे, हिशेबाची कामे यांना ही पद्धत शोभते. परंतु जो केवळ घोटभर पाणी प्यावयास आला, त्याच्यापुढेही चूल आणि सरपण मांडून ठेवणे, हे आतिथ्य नव्हे. निकाल पाहावयास आलेला विद्यार्थी हा असाच पाहुणा होय. महागड्या यंत्राला हा स्वयंपाक जाणवत नाही. स्वस्त मोबाइल मात्र धापा टाकू लागतो.

या व्यवसायात पंचवीस वर्षे काढलेला आज्ञावलीकार मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट खटकते. कष्टाने शिकलेली साधने फार लवकर जुनी होतात. अँग्युलरची २०१६ सालची नवी आवृत्ती जुनीशी जुळणारी नव्हती. जुनीवर उभारलेली कामे बहुतांशी नव्याने लिहिणे भाग पडले, आणि २०२१ च्या अखेरीस जुनीची देखभालही थांबली. उलट, साध्या एचटीएमएलमधली जुनी पाने आजच्या ब्राउजरमध्ये बिनतक्रार उघडतात.

उसनवारीचा धोका तर २०१६ च्या मार्च महिन्यात साऱ्या जगाने पाहिला. आयते भाग साठविणारे एनपीएम नावाचे एक सार्वजनिक कोठार आहे. एका लेखकाने वादातून त्यातले आपले भाग काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक तुकडा होता. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम! परंतु कितीतरी मोठ्या आज्ञावल्या नकळत त्याच्यावर विसंबून होत्या. त्यांची उभारणी एकाएकी अडली आणि काही तासांतच तो तुकडा कोठारात परत ठेवावा लागला. शेजाऱ्याच्या विरजणावर घरचे दही चालावे, यात वावगे काही नाही. पण शेजारी गावाला गेला म्हणून गावभरची चूल थंडावली, तर चूक शेजाऱ्याची म्हणता येत नाही.

मराठी वाचकाने अशा परावलंबनाची झळ पूर्वीच सोसली आहे. काही वर्षांमागे अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या खास फाँटात असत. तो फाँट नसला की पडद्यावर अनाकलनीय चिन्हांची रांग दिसे आणि शोधू जावे तर शब्द सापडत नसे. सर्वमान्य अशा युनिकोडचा वापर रूढ झाला, तेव्हा कोठे इंदूरचा मजकूर पणजीत आणि पणजीचा हैदराबादेत जसाच्या तसा वाचता येऊ लागला. सर्वांसाठी ठरलेला साधा नियम पाळण्याचे मोल यावरून ध्यानी यावे.

अंध वाचकाच्या बाबतीत तर हे मोल अधिकच जाणवते. एचटीएमएलच्या ठरलेल्या खुणेने केलेले बटन त्याचे वाचनयंत्र ओळखते आणि उच्चारून दाखविते. केवळ रंगरंगोटीने बटनासारखी भासविलेली चौकट, मुद्दाम सोय केल्यावाचून, त्याच्यालेखी भिंतच राहते.

समाधानाची गोष्ट ही की वाऱ्याची दिशा काहीशी पालटत आहे. ताट सर्व्हरवरच वाढून पाठविण्याची जुनी रीत नव्या साधनांतूनही परत येत आहे. २०२२ पासून तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे मागाल तेवढ्या आज्ञा क्षणार्धात लिहून देऊ लागली आहेत. पण लिहिणे सोपे झाले म्हणून ओझे हलके होत नाही. उलट ते वाढण्याचाच संभव अधिक. काय लिहावे यापेक्षा काय लिहू नये, हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते.

नव्या साधनांचा द्वेष करण्याचे कारण नाही. ज्याला चूल हवी त्याला चूल द्यावी, ज्याला पाणी हवे त्याला पाणी द्यावे, एवढा विवेक पुरे. सर्नने २०१३ साली वेबचे पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा मांडून ठेवले आहे. त्यात चित्र नाही, रंग नाही, हालचाल नाही; पण साध्यातल्या साध्या मोबाइलवरही ते चटकन उघडते. निकालाची वाट पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्याला याहून अधिक काही नको असते.