जावाची जोडणी

चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकात तयार झालेल्या जावा २५० आजही महाराष्ट्रात कितीतरी घरांत ताडपत्रीखाली उभ्या आहेत. पुढे तिथल्याच गाड्यांना येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाडी मात्र अजून घरच्या घरी जोडता येते.

इंजिन टू-स्ट्रोक, एकाच सिलिंडरचं. बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. अट एकच, क्रँककेस हवाबंद हवं. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि तेच वर सिलिंडरमध्ये चढतं. डायनॅमोच्या बाजूचं ऑइल सील फाटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर आतलं ऑइल जळून दोन्ही सायलेन्सरमधून धूर निघतो. टाकीच्या क्रोमवर आणि मरून रंगावर हजारो रुपये घालून आत जुनीच सीलं ठेवलेली दिसली की जीव तुटतो.

पिस्टन बसवताना घाई नको. क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबायचं. गजन पिनेचं सर्क्लिप निसटलं तर थेट आत जातं आणि मग जोडलेलं सगळं पुन्हा सोडावं लागतं. रिंगच्या खोबणीत बारीक पिन असते. रिंगची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसलीच पाहिजेत, नाहीतर टोक पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. रिंगांना ऑइल लावून त्या बोटांनी दाबून धरायच्या आणि सिलिंडर सावकाश खाली उतरवायचा. जोर लावावा लागतोय असं वाटलं, की थांबायचं आणि पुन्हा पाहायचं.

जावाची खरी गंमत डाव्या पायाशी आहे. गिअर आणि किक एकाच दांडीवर. आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. शिवाय गिअर टाकताना ही दांडी क्लचही आपोआप सोडवते. म्हणून क्लचचा खेळ बरोबर बसेपर्यंत झाकण घट्ट आवळू नये.

आणि पहिला नट सोडण्याआधी एक काम नक्की करा. इंजिन आणि चेसिसवरचे नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. ते जुळत नसतील, तर आधी आरटीओत जा. पाना नंतर हातात घ्या.