सातबारा, आठ-अ आणि डेटाबेस

मावळ तालुक्यातील कान्हे गावच्या शेतकऱ्याला पीककर्ज हवे असेल, तर त्याला सातबारा आणि आठ-अ असे दोन उतारे काढावे लागतात. जमीन तीच, खातेदारही तोच. मग उतारे दोन कशाला? या प्रश्नाच्या उत्तरातच डेटाबेस या संकल्पनेचे मर्म आहे.

गाव नमुना ७ गट क्रमांकाप्रमाणे असतो. ‘ही जमीन कोणाची, तिच्यावर बोजा कोणाचा?’ हे तो सांगतो. नमुना १२ मध्ये त्या जमिनीतील पिके असतात. नमुना ८-अ मात्र खातेदाराप्रमाणे असतो: ‘या माणसाची गावात एकूण जमीन किती?’ कागदी वहीला क्रम एकच देता येतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी दुसरी वही लागते. आता समजा, एक गट विकला गेला. फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये, नोंद होऊन ती प्रमाणित झाली की सात आणि आठ-अ दोन्ही दुरुस्त करावे लागतात. एक दुरुस्ती राहिली, की तीच जमीन दोघांच्या नावे दिसू लागते.

१९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी यावर एक रीत मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट शक्यतो एकदाच लिहावी आणि तक्ते ओळखक्रमांकांनी जोडावेत. आपल्या उदाहरणात पहिल्या तक्त्यात गट व क्षेत्र, दुसऱ्यात खातेदार आणि तिसऱ्यात कोणत्या गटात कोणाचा किती हिस्सा, हे येईल. विक्री झाली की फक्त तिसरा तक्ता बदलायचा. दोन्ही उतारे त्याच तक्त्यांतून निघत असल्याने ते एकमेकांशी जुळतात.

ओळखक्रमांक मात्र एकमेव हवा. एकच गट क्रमांक कान्हे येथे असू शकतो, तसा शेजारच्या साते गावातही. म्हणून गावाची जोड हवी. नुसते नाव तर चालतच नाही. ‘दत्तू’ आणि ‘दत्तात्रय’ एकच, हे गाव जाणते. संगणकाला ते दोन खातेदार वाटतात.

येथेच डेटाबेसची मर्यादाही कळते. त्यातील नोंदी परस्परांशी जुळतात का, हे तो तपासू शकतो. त्या खऱ्या आहेत का, हे त्याला ठाऊक नसते. वारस नोंदीत बहिणीचे नाव आलेच नाही, तर सुबक छापील उताऱ्यातही ते येणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागला. नोंद कोणी, कोठे उभे राहून केली, यालाही महत्त्व आहेच.

वर्गात हे संगणकाविना करून पाहता येईल. पुस्तके, विद्यार्थी आणि देवघेव असे तीन तक्ते फळ्यावर आखा. ‘हे पुस्तक कोणाकडे आहे?’ आणि ‘या मुलीकडे कोणती पुस्तके आहेत?’ ही दोन्ही उत्तरे मुलांना शोधू द्या. मग वर्गातील एकाच नावाच्या दोघांना पुस्तके द्या. ओळखक्रमांक का लागतो, हे मुलेच सांगतील.