लिनक्स संगणकावर आज्ञावली बसविण्याची रीत

नागपूरच्या दक्षिण भागातील हुडकेश्वर हे एकेकाळचे ग्रामपंचायतीचे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून तेथील घरांत, शिकवणीवर्गांत व अर्ज भरून देणाऱ्या लहान केंद्रांत संगणक रुळला आहे. जुन्या यंत्रांपुढे मात्र एक प्रश्न उभा आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून पाहणे इष्ट होय. परंतु लिनक्सवर सॉफ्टवेअर, म्हणजेच आज्ञावली, बसविण्याची रीत निराळी आहे व ती ठाऊक नसल्यानेच पुष्कळांचा हिरमोड होतो.

विंडोजची सवय असलेला मनुष्य एखाद्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून घेतो आणि ती चालवितो. लिनक्समध्ये बहुतेक आज्ञावली वितरणाच्या अधिकृत भांडारातून येतात. डेबियन हे १९९३ साली सुरू झालेले असे एक वितरण होय. उबंटू त्यावरच आधारलेले आहे आणि सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने २००७ साली प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही. भांडाराच्या सूचीवरील डिजिटल स्वाक्षरी ‘ॲप्ट’ हे साधन तपासते आणि हव्या त्या आज्ञावलीस लागणारी इतर पॅकेजेसही आपणहून आणते. म्हणून कोणतीही आज्ञावली प्रथम भांडारातच शोधावी.

‘सुडो ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने केवळ सूची ताजी होते, आज्ञावली एकही बदलत नाही. नव्या आवृत्त्या बसतात त्या ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ने. रास्त भाव दुकानाचा फलक वाचणे निराळे आणि धान्य घरी आणणे निराळे! (या आज्ञा टंकताना अर्थातच रोमन लिपी लागते.)

स्थिर आवृत्तीत आज्ञावली जुन्या असतात, अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण या संथपणाचा लाभही मोठा आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकोचन-साधनात कोणीतरी दडविलेली चोरवाट उघडकीस आली. ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचली होती. स्थिर आवृत्ती मात्र बचावली.

संपूर्ण वितरणाची आवृत्ती बदलणे हे अधिक जोखमीचे काम आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये व १३ ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ वरून थेट १३ वर उडी घेता येत नाही, मधली १२ घ्यावीच लागते. तत्पूर्वी कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी, डिस्कवर पुरेशी जागा असल्याची खात्री करावी आणि बाहेरून जोडलेली भांडारे बंद करावीत. ऐन उन्हाळ्यात वादळी वाऱ्याने वीज जाणे नागपूरकरांस नवे नाही, तेव्हा इन्व्हर्टरची सोय असल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये. तरीही काम अर्धवट राहिलेच, तर संगणक पुन्हा सुरू करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यावी. अडलेली मांडणी बहुधा तेथूनच पुढे चालू होते.