जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बंदीपूरच्या अलीकडे

म्हैसूरहून उटीला किंवा वायनाडला निघालेल्या मराठी कुटुंबाची गाडी नंजनगूडला हमखास थांबते. श्रीकंठेश्वराचं दर्शन, कपिला नदीवरचा 1735 सालचा दगडी पूल, जमलं तर रसबाळे केळ्यांचा घड. पुढे राष्ट्रीय महामार्ग 766 गुंडलुपेटवरून बंदीपूरच्या जंगलात शिरतो. 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात जंगलातला हा रस्ता सर्वसाधारण वाहतुकीला बंद असतो. उटीची वाट धरली तर जंगल ओलांडल्यावर हजार मीटरहून जास्त चढ उभा असतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाडीला हा रस्ता काय करायला लावतो, याचा विचार नंजनगूडला थांबूनच केलेला बरा. गिअर उशिरा पडत असेल, गाडी झटका मारत असेल, इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही असं वाटत असेल, तर तपासणीची सोयीची जागा हीच आहे. जंगलात ती सोय नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे यंत्र मला फार आवडतं, आणि त्याच्यावर आपल्याकडे फार अन्याय होतो असं माझं ठाम मत आहे. ऑटोमॅटिकने जरा कुरकुर केली की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल लागतो. खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडीच विकून टाकतो. प्रत्यक्षात कित्येकदा दोष तेलात, एखाद्या केबलमध्ये, सैल झालेल्या कनेक्टरमध्ये किंवा चक्क इंजिनात असतो.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाने फिरवलेलं तेल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि त्या पात्यांना जोडलेला शाफ्ट फिरतो. ही कल्पना जर्मन अभियंता हरमान फ्योटिंगर याची, 1905 च्या सुमाराची, आणि मुळात जहाजांसाठी सुचलेली. कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखे एकमेकांभोवती फिरणारे गिअर असतात. त्यातला कुठला भाग धरायचा आणि कुठला सोडायचा, हे क्लच प्लेटांचे गठ्ठे आणि पट्टे ठरवतात. त्या प्लेटा दाबतं तेल. कुठल्या वेळी कुठे दाब द्यायचा, हे वॉल्व्ह बॉडी नावाच्या, आत बारीक वाटांचं जाळं असलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ठरतं. म्हणजे तेल इथे वंगणही आहे, ताकद वाहून नेणारंही आहे, हुकूम पोचवणारंही आहे आणि यंत्र थंड ठेवणारंही आहे.

जनरल मोटर्सने 1940 सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक डबा बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात तोच डबा अमेरिकेच्या एम-5 स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीला बसला. 1 नोव्हेंबर 1948 रोजी भारतीय लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरीने झोजी ला खिंडीत, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, स्टुअर्ट रणगाडे चढवले. मोहिमेचे सेनानी थिमय्या कोडगूचे, म्हणजे म्हैसूरच्या शेजारच्याच मुलखातले. ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, शहरी, घाटात न चालणारी चीज असं कुणी म्हटलं की मला झोजी ला आठवतो.

आपल्या रस्त्यावर ऑटोमॅटिक मोटारी बऱ्याच उशिरा दिसू लागल्या. मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये ती सोय होती, पण घेणारे थोडे. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी आली आणि चित्र पालटलं. एएमटी हे मात्र वेगळंच यंत्र आहे. त्यात डबा मॅन्युअलचाच असतो, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात जोडलेला असतो. तिचे आजारही क्लचचे. आणखी एक जात पट्ट्याची. नंजनगूडच्या वाटेवर कडकोळ्याजवळ स्कूटर बनवणाऱ्या टीव्हीएसचा मोठा कारखाना आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये दोन पुल्यांवर फिरणारा जो पट्टा असतो, त्याच तत्त्वावर 1958 मध्ये डाफ या डच कंपनीने अख्खी मोटार चालवून दाखवली होती. तक्रार घेऊन मिस्त्रीकडे जाताना आपल्या गाडीत या तिघांपैकी कोण आहे हे ठाऊक असायलाच हवं. इथून पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या डब्याबद्दल आहे.

पहिलं काम तेल बघणं. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सची वेगळी पट्टी असते. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खुणांवरून एकदा फिरवायचा, मग ‘पी’वर आणून पट्टी काढायची. काही गाड्यांत, होंडात विशेषतः, इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. म्हणून गाडीसोबतचं पुस्तक आधी वाचावं. थंड इंजिनावर घेतलेलं माप फसवं असतं. ताजं तेल बहुधा लाल आणि स्वच्छ. तपकिरी-काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटा घासल्या आहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय, आणि मग गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये, कारण प्लेटांचं अस्तर पाण्याने सुटतं. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, आणि वळणावर किंवा चढावर गिअर सुटल्यासारखं होतं. जास्त भरलं तरी फेस होऊन तेच घडतं.

तेल ठीक असेल तर गाडी नेमकं काय करते हे नीट सांगता यायला हवं. ‘गिअर नीट पडत नाही’ एवढ्याने मिस्त्रीला काहीच कळत नाही. सकाळी थंड असताना ‘डी’ टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी हलत नाही आणि गरम झाल्यावर सुरळीत चालते, तर आतली रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. उलट थंडपणी छान आणि गरम झाल्यावर घसरते, तर तेल पातळ होऊन दाब कुठेतरी गळतोय. रिव्हर्स व्यवस्थित आहे पण पुढे जात नाही, तर शोध पुढच्या क्लचपाशी येतो. सगळे गिअर उशिरा आणि दणका देत पडतात, किंवा फार लवकर आणि लुळे पडतात, तर जुन्या गाडीत थ्रॉटलपासून डब्याकडे जाणारी केबल बघावी. ही केबल डब्याला सांगते की पाय किती दाबलाय. ती सैल झाली की दाब कमी बनतो आणि चांगल्या प्लेटाही जळतात. जुळवणी काही मिनिटांची, पण तिच्याकडे बघितलं जात नाही, याचा मला खरोखर राग येतो.

इलेक्ट्रॉनिक डब्याचं तंत्र निराळं. सेन्सरचा सिग्नल तुटला की कंप्युटर डबा वाचवण्यासाठी तो एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. गाडी चालते पण उठत नाही. स्कॅनर लावल्यावर पी0700 असा कोड आला तर तो रोग नव्हे. गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे दुसरा कोड नोंदलेला आहे, एवढीच ती सूचना. बॅटरी उतरलेली असणं, अर्थिंगची वायर गंजणं, कनेक्टरमध्ये पाणी जाणं, असल्या कारणांनीही हा प्रकार होतो. इंजिन एका सिलिंडरवर मिसिंग करत असेल तर त्याची थरथर थेट गिअरबॉक्सच्या दोषासारखी वाटते. ‘डी’ टाकताना धाडकन आवाज येत असेल तर इंजिनचे माउंटिंग आधी हलवून बघावेत.

एवढं झाल्यावरच डब्याच्या तळाचा तेलाचा चेंबर उघडायचा. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज. चमकणारे धातूचे तुकडे किंवा प्लेटांच्या अस्तराचे काळे कपचे दिसले तर डबा खोलावाच लागेल. तेल बदलताना हेही लक्षात असू द्यावं की चेंबरमधून निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तेल निघतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. कंपनीने सांगितलेल्या जातीचंच तेल घालावं. ‘कुठलंही लाल चालतं’ हे बोलणं डब्याच्या मुळावर येतं.

घाटात गाडी सारखी तिसऱ्या-चौथ्यात वर-खाली करू लागली तर ओव्हरड्राइव्ह बंद करून किंवा ‘2’ टाकून चढवावी, कारण कन्व्हर्टर जितका घसरतो तितकं तेल तापतं. उतरतानाही तोच गिअर ठेवला तर ब्रेक वाचतात.

आणि गाडी वाटेत बसलीच, तर ती दोरीने ओढायची नाही. इंजिन बंद असताना डब्यातला पंप फिरत नाही, पण रस्त्यावर टेकलेली चालती चाकं आतले गिअर फिरवत राहतात, तेही वंगणाशिवाय. केबल बदलून सुटली असती अशी गाडी मग खरंच डबा खोलायला जाते. धक्का मारून ती सुरू होण्याचाही प्रश्न नाही. सपाट पाट्याची टोइंग गाडी बोलवावी, किंवा निदान चालती चाकं उचलून न्यावी. बंदीपूरचं फाटक नऊला बंद होतं, तेव्हा तिसऱ्या प्रहरानंतर नंजनगूडला गाडीने तक्रार केली, तर मुक्काम तिथेच करावा आणि पट्टी सकाळी, गाडी पुन्हा गरम करून, आणखी एकदा बघावी.