बंदिस्त जागेतील हवा

जुन्या विहिरीतील गाळ काढण्यासाठी उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहण्याची रीत खेड्यापाड्यांतून होती. कंदील विझला की कोणी उतरत नसे. ज्या हवेत ज्योत जगत नाही, तेथे माणसाने जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. टाक्या, भट्ट्या आणि वायुवाहिन्या यांनी भरलेल्या कारखान्यांत हाच प्रश्न अधिक बिकट होतो.

मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा 21 च्या जवळपास असते. ते 19.5 च्या खाली गेले की जागा धोक्याची समजतात. 16 च्या खाली विचारशक्ती मंदावते. 6 च्याही खाली एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. विशेष हे की, त्या वेळी गुदमरल्याची जाणीवही होत नाही. श्वास कोंडल्याची तगमग मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तो उच्छ्वासावाटे बाहेर पडतच राहतो. म्हणून शरीर सावध करीत नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीतून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन आणि सुमारे पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. या दुसऱ्या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. मग भोवती प्राणवायू असूनही शरीर त्याला पारखे होते.

12 जून 2014 रोजी भिलाईत पाण्याचा दाब घटला आणि भट्टीचा वायू जलवाहिनीतून उलट पंपगृहात शिरला. सहा जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. जागा पाण्याच्या पंपांची. तेथे वायूची शंका कोणास यावी? कंदीलही तेथे निरुपयोगी ठरला असता. कारण प्राणघातक प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड असतानाही ज्योत तेवत राहू शकते.

म्हणून आत जाण्यापूर्वी प्राणवायू, ज्वालाग्राही वायू आणि विषारी वायू ही तिन्ही मापकाने तपासावी लागतात. ताजी हवा खेळती ठेवून बाहेर एक पहारेकरी उभा करावा लागतो. आणि आत कोणी कोसळलेला दिसला, तर त्या पहारेकऱ्याने तसेच धावत जायचे नसते. अशा अपघातांत पहिल्यामागोमाग त्याला उचलण्यास गेलेलेही बळी पडतात. श्वसनयंत्र येईपर्यंत दाराशी थांबणे कठीण खरे. पण त्या थांबण्यावरच दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो.