जगाच्या बातमीवर बोलायचं कुणी?

एसटी स्टँडवर, केशकर्तनालयात किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर कुणी युक्रेन, गाझा किंवा अमेरिकेच्या आयातशुल्कावर ठामपणे बोलू लागलं, की शिकलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर हटकून एक भाव उमटतो: याला यातलं काय कळतंय? मला हा भाव अन्यायाचा वाटतो. जगातल्या घडामोडींवर मत असणं हा सामान्य माणसाचा हक्क तर आहेच. शिवाय ते मत केवळ त्याचं आहे म्हणून तज्ज्ञाच्या मताहून हलकं ठरत नाही. मत कुणाचंही असो, नवी माहिती हाती आल्यावर ते बदलण्याची तयारी आहे का, यावर त्याचा कस लागतो.

'दूरच्या भानगडींशी आपला काय संबंध?' हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासानेच तो खोडून काढला आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. साहजिकच त्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. इथे भाव कडाडले आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सावकारांनी हात आखडता घेतला, त्यातच दख्खनमध्ये नव्या पाहणीत शेतसारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. या उठावाला इतरही कारणं होती, पण सात समुद्रांपलीकडच्या लढाईचा धागा त्यात होता, हे नाकारता येत नाही. अगदी अलीकडचं पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात कापड उद्योगाला आधार म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही काळापुरतं माफ केलं. बाहेरचा कापूस स्वस्तात येऊ लागला तर आपल्या मालाला भाव काय मिळणार, ही विदर्भातल्या शेतकऱ्याची चिंता म्हणजे परराष्ट्र धोरणावरचं मतच आहे, आणि त्यामागे व्यवहाराचं पक्कं ज्ञान आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सामान्य माणसाला जगाची माहितीच नसते. स्वीडनच्या हान्स रॉसलिंग यांच्या गॅपमाइंडर संस्थेने 2017 मध्ये 14 देशांतल्या सुमारे 12,000 लोकांना जगाच्या स्थितीविषयी 12 प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी चार उत्तरं बरोबर यायला हवीत. प्रत्यक्षात आली जेमतेम दोन. मागच्या 20 वर्षांत जगातली अतितीव्र गरिबी जवळपास निम्म्यावर आली होती, हे तर दहातल्या एकालाही सांगता आलं नाही. आकडे बोचरे आहेत, मान्य. पण उच्चशिक्षित, पत्रकार, अगदी शास्त्रज्ञही अशा प्रश्नांत वारंवार चुकले, हे रॉसलिंग यांनीच नोंदवलं आहे. युद्ध, दंगल, पूर यांची बातमी होते. वर्षावर्षाने हळूहळू घटणाऱ्या बालमृत्यूची होत नाही. त्यामुळे शाळा कमी शिकलेला आणि जास्त शिकलेला, दोघेही एकाच काळवंडलेल्या काचेतून जग पाहतात.

मग निदान तज्ज्ञांच्या अंदाजावर तरी भिस्त ठेवावी का? मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी राजकारण आणि अर्थकारणावर भाष्य करणाऱ्या 284 जाणकारांची सुमारे 28,000 भाकितं दोन दशकं तपासली आणि 2005 मध्ये निष्कर्ष मांडला. दूरच्या काळाची भाकितं नशिबाच्या कौलापेक्षा फारशी सरस नव्हती, आणि ज्यांचं नाव मोठं त्यांचे अंदाज जास्तच ढासळले. सगळ्या घटना एकाच सिद्धांतात कोंबणारे जास्त चुकले. अनेक बाजू पाहून, बेताने बोलणारे कमी. पुढे 2011 पासून झालेल्या भाकितांच्या स्पर्धेत हजारो हौशी नागरिक उतरले. त्यांच्यातले जे अव्वल ठरले त्यांची सवय साधी होती: अंदाज लिहून ठेवायचा आणि नवी माहिती आली की थोडाथोडा दुरुस्त करायचा. लस किंवा पुलाचा पाया यांबाबत मात्र मी कट्ट्यावरच्या मताला शास्त्रज्ञाच्या किंवा अभियंत्याच्या बरोबरीला बसवणार नाही. तिथे प्रयोग आणि मोजमाप निर्णय देतात. युद्ध किती लांबेल, कोणत्या देशाशी किती सलगी करावी, या प्रश्नांना तशी प्रयोगशाळा नाही, आणि त्यांची किंमत शेवटी मोजतो तो सामान्य माणूसच.

म्हणून मला खरा राग येतो तो तयार मतं पुरवणाऱ्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश आणि टीव्हीवरची आरडाओरड माणसाला बाजू देते. ती बाजू तपासण्याचं साधन देत नाही. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धावर 'केसरी' मराठी वाचकासाठी लिहीत होता, कारण आशियातल्या एका राष्ट्राच्या विजयाचा अर्थ त्याला कळायला हवा होता. आजच्या मराठी वृत्तपत्रांत परदेशाची बातमी बहुधा कोपऱ्यात, वृत्तसंस्थेचा मजकूर काटछाट करून येते. अमेरिकेच्या शुल्काच्या बातमीशेजारी अकोल्याच्या बाजारातला कापसाचा भाव आणि सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराचं म्हणणं छापायला फार जागा लागत नाही. ते छापलं, तर कट्ट्यावरच्या वादाला निदान आकड्यांचा आधार मिळेल.