हिंगण्याच्या अलीकडचं घर

पॉलिसी पाच हजारांची होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा पगार मुळातच बेताचा, त्यातून वर्षानुवर्षं हप्ते भरून धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांनी ती जपलेली. बायकोमुलांसाठी त्यांच्या गाठीला असलेली पुंजी म्हणावी तर तीच. अनाथ बालिकाश्रम सुरू झाला तेव्हा अण्णांनी ती आश्रमाच्या नावे करून टाकली. चरित्रकार या प्रसंगाशी आले की अण्णांच्या त्यागाला नमस्कार करून पुढे जातात. घरात मात्र यावरून वाद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते साहजिकच होतं. ‘आपलं उद्या काही बरंवाईट झालं तर पोरांनी कुठे जायचं?’ हा प्रश्न घरात कुणीतरी विचारायलाच हवा होता. तो बायांनी विचारला.

आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी, तीन मुलांच्या आई, पुढे महाराष्ट्राला माहीत झालेल्या नातवंडांची आजी. अशा बाईवर लिहायला बसलं की लेखणी आपसूक ‘मूकपणे’, ‘समईसारख्या’ अशा शब्दांकडे वळते. बाया मूक नव्हत्या. त्यांनी सोसलं ते बोलत, भांडत, हिशेब मागत सोसलं. आणि तरीही साथ सोडली नाही, म्हणून त्यांच्या निष्ठेला वजन आहे.

माहेरचं नाव गोदूबाई जोशी, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं देवरूख. आठव्या वर्षी नातूंच्या घरी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढची सारी उमेदीची वर्षं सासरच्या कामाच्या रगाड्यात गेली. केशवपन झालेली, अक्षरओळख नसलेली ही कोकणातली बाई विशी ओलांडल्यावर भाऊ नरहरपंतांबरोबर मुंबईला आली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईंचं नाव लागलं. शारदा सदनाबरोबर त्या पुण्याला आल्या.

नरहरपंत हे कर्व्यांचे मित्र. १८९१ मध्ये कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते गणित शिकवायला फर्ग्युसन कॉलेजात आले. पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय. नरहरपंतांच्या वडिलांनीही आपल्या लेकीसाठी संमती दिली. त्या काळी विधवा मुलीच्या बापाने असा होकार देणं किती अवघड होतं, याचा अंदाज आज येणं कठीण. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं. शारदा सदन उघडल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे संततिनियमनाचा प्रचार करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे ते हेच.

लग्नानंतर दोघं अण्णांच्या गावी, मुरूडला गेली, तर गावाने बहिष्कार घातला. अण्णा घरी राहिले तर त्यांच्या आईभावालाही वाळीत टाकलं जाईल, असा निर्णय झाला. अण्णांना निदान सुधारक मित्रांची साथ होती. बायांच्या वाट्याला आलं ते बायकांचं जग. हळदीकुंकू, पंगत, शेजारणीशी दोन शब्द, सगळीकडे त्यांना बाजूला ठेवणारं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते यापुढचं. १८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी हा अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. सनातनी घरांनी आपल्या विधवा मुली तिथे शिकायला पाठवाव्यात, तर आश्रमावर पुनर्विवाहाचा शिक्का नको. म्हणून अण्णांनी विधवाविवाहाच्या मंडळीतलं कामही सोडलं. मग पुनर्विवाह केलेली त्यांची स्वतःची बायको आश्रमात कशी राहणार? अण्णा कॉलेज आटोपून हिंगण्याची चिखलाची वाट रोज पायी तुडवत आणि बाया मुलांना घेऊन पुण्यात राहत. विधवांच्या उद्धाराच्या सर्वांत गाजलेल्या संस्थेत संस्थापकाच्या, एकेकाळी विधवा असलेल्या पत्नीलाच जागा नव्हती! अण्णांचं गणित व्यवहारात चुकीचं नव्हतं, संस्था त्यामुळेच वाढली. पण त्याची किंमत कुणी मोजली, हे संस्थेच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवं.

तरीही याच बायांनी आश्रमासाठी वर्गण्या गोळा केल्या. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले तर आश्रमाची आधारस्तंभच झाली. पैसे जमवायला गावोगाव हिंडली, अमेरिकेला जाऊन परक्यांच्या घरी कामं करत राहिली. देवरूखच्या एकाच घरातून कर्व्यांच्या कार्याला दोन बहिणी मिळाल्या, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

बायांची तिन्ही मुलं कर्तबगार निघाली. थोरले शंकर पूर्व आफ्रिकेत डॉक्टर झाले. दिनकर रसायनशास्त्रज्ञ, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई म्हणजे ‘युगान्त’च्या लेखिका, आणि त्यांच्या मुलींमध्ये जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ या लेखात बाईची ओळख सून, पत्नी, आई अशी नात्यांवरून कशी करून दिली जाते, याची गंमत आहे. गौरी देशपांड्यांच्या नायिका संसाराला थेट जाब विचारतात. हे आजीकडून आलं असं म्हणण्याचा मोह होतो, पण लेखकाचं असं सरळ वारसापत्र नसतं. एवढं मात्र खरं की या घरात बाईने प्रश्न विचारायची रीत नातींच्या आधीपासून होती.

वसंत कानेटकरांनी १९७२ मध्ये ‘हिमालयाची सावली’ लिहिलं, ते कर्व्यांच्या जीवनावरून सुचलेलं. कर्व्यांवर बेतलेल्या नानासाहेब भानूंच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. पण नाटक बघून आलेले लोक बोलत ते नानासाहेबांच्या बायकोबद्दल, शांता जोगांच्या बयोबद्दल. फटकळ, चिडणारी, घर सावरणारी. बयो म्हणजे हुबेहूब बाया नव्हेत, नाटककाराने आपलं स्वातंत्र्य घेतलं आहे. पण खऱ्या बाया वाचायच्या तर त्यांचं स्वतःचं ‘माझे पुराण’ आहेच. ते सून कावेरीबाईंनी संपादित केलं आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. वय झालेल्या बाईचं घरगुती, ठसकेबाज कोकणी वळणाचं बोलणं सुनेने कागदावर टिकू दिलं. सासूचं म्हणणं सुनेने जगापुढे आणण्याची अशी उदाहरणं आपल्याकडे मोजकीच.

बाया १९५० मध्ये गेल्या. अण्णांना ‘भारतरत्न’ मिळाला तो १९५८ मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी दिनकररावांनी ‘द न्यू ब्राह्मन्स’ नावाचं इंग्रजी पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून प्रसिद्ध केलं. त्यात वडिलांच्या आत्मवृत्ताचा भाग आहे, आणि त्याच्या शेजारी आईच्या आठवणींचं स्वतंत्र प्रकरण, मुलाने स्वतः भाषांतर केलेलं.